काळ्या मातीतील लिंबाची पाने पिवळी का पडतात?

प्रश्न : आमच्या परसातील माती काळी आहे. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. रोज बादलीभर पाणी खोडाशी घालूनही कागदी लिंबाची कोवळी पाने पिवळी पडत आहेत. मातीत वाळू मिसळावी का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : सर्वप्रथम रोजचे पाणी थांबवावे. बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या काळ्या मातीतील चिकण कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. भेगा त्यामुळेच पडतात. फुगलेल्या मातीत हवा खेळत नाही आणि हवेवाचून मुळे काम करत नाहीत.

एक कोवळे पान उजेडात धरून पाहावे. शिरा हिरव्या आणि त्यांच्यामधला भाग पिवळा असेल, तर बहुधा लोहाची कमतरता आहे. लोह मातीत असते. परंतु चुनखडीच्या, सतत ओल्या जमिनीतून ते मुळांना घेता येत नाही. ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाकून बुडबुडे आले, तर चुना भरपूर आहे असे समजावे आणि अशा मातीत राख अजिबात घालू नये. तूर्तास चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची) फवारणी पाकिटावरील प्रमाणानुसार संध्याकाळी करावी.

वाळूचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मला पटत नाही. थोड्या वाळूने काहीच साधत नाही, कारण तिच्या कणांमधल्या पोकळ्या चिकणमाती भरून टाकते. त्यापेक्षा पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत दर वर्षी पावसाळ्यापूर्वी झाडाच्या घेराखाली खुरप्याने वरच्या थरातच मिसळावे, कारण लिंबाची अन्न घेणारी मुळे उथळ असतात. हे काम वाफसा असतानाच, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना करावे. माती खुरप्याला चिकटत असेल, तर थांबावे. त्यावर उसाच्या पाचटाचे 5 ते 7 सेंटिमीटर आच्छादन घालावे, मात्र खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी.

पाण्यासाठी दुहेरी आळे करावे. खोडाला मातीची भर देऊन आतले कडे बांधावे आणि पाणी दोन कड्यांच्या मध्ये, फांद्यांच्या टोकांखाली सोडावे. खोड कोरडे राहिल्याने डिंक्या रोगाचा (यात खोडातून डिंक गळतो) धोकाही कमी होतो. 10 सेंटिमीटर खोलीवरची माती मुठीत दाबल्यावर तिचा गोळा होत असेल, तर पाणी देऊ नये. ती भुगभुगीत लागली, की भरपूर द्यावे. पावसाळ्यात बाहेरचे कडे उताराच्या बाजूने फोडून चर काढावा.