ग्रेनचा काटा: बीम का डिजिटल?

प्रश्न: मी टेक्सासला असतो, शूटिंग रेंजवरच्या मित्राच्या नादाने काडतुसं रीलोड करायला (वापरलेली पुन्हा भरायला) शिकतोय. पावडर मोजायला बीमवाला (दांडीचा) काटा घेऊ का डिजिटल? आणि तोवर किचनमधला चालवून घेतला तर?

उत्तर: किचनचा नको हो, अजिबात नको! 1 ग्रॅम म्हणजे साधारण 15.4 ग्रेन, आणि 9 एमएमच्या काडतुसात पावडर बऱ्याचदा 4-6 ग्रेनच असते, म्हणजे तुमचा एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा शून्यावरच बसून राहील. तुम्हाला 0.1 ग्रेनपर्यंत दाखवणारा पाहिजे. (भारतातल्या वाचकांनो, इथे लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं आर्म्स अ‍ॅक्ट 1959 खाली गुन्हा आहे, उगाच नाद नको.)

मला विचाराल तर नवशिक्याने बीमवालाच घ्यावा, स्लो आहे, दांडी थांबेपर्यंत जीव जातो, पण बॅटरी नाही आणि आपोआप रीडिंग सरकायची भानगड नाही, फक्त टेबल लेव्हलमध्ये पाहिजे. डिजिटल फास्ट असतो पण लाडावलेला, पंखा लागला की नाचतो, शेजारी मोबाईल ठेवला तरी कधीकधी आकडा हलतो. घेतलातच तर आधी थोडा वेळ चालू ठेवून गरम होऊ द्या, पॅन ठेवून शून्य करा, मग पॅन उचलल्यावर जो मायनस आकडा दिसतो तो कागदावर लिहून ठेवा, मधेच तो बदललेला दिसला की समजायचं काटा सरकला, परत शून्य करा.

चेक वेट्स (काटा बरोबर दाखवतो का ते तपासायची ठराविक वजनं) मात्र दोन्हीसाठी घ्याच, तुमच्या चार्जच्या, म्हणजे एका काडतुसातल्या पावडरच्या वजनाच्या, जवळपासची, आणि चिमट्याने उचला, बोटांचं तेल लागतं.