'आभासी' कुठे चालतो, कुठे नाही: सोर्ड आर्ट ऑनलाइनच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा: 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' या जपानी ॲनिमे मालिकेच्या पहिल्या काही भागांची मराठी सबटायटल हौसेने करायला घेतली आहेत. व्हर्च्युअल रिॲलिटीला 'आभासी वास्तव' आणि व्हर्च्युअल वर्ल्डला 'आभासी जग' लिहीत गेलो, पण पात्रांच्या तोंडी हे शब्द आले की संवाद पडतो. 'आभासी'ला दुसरा शब्द आहे का? आणि फुल डाइव्ह, लॉगआउट, अवतार यांचं काय करायचं?

संवाद पडतो तो शब्द जड आहे म्हणून, असं वाटणं साहजिक आहे. पण 'आभासी' काही फार जड नाही, वर्तमानपत्रात रोज येतो. घोळ अर्थाचा आहे. आपल्याकडे आभास म्हणजे नसलेली गोष्ट असल्यासारखी वाटणं. दहावीच्या विज्ञानात भिंगाच्या धड्यात शिकवतात की वास्तव प्रतिमा पडद्यावर घेता येते आणि आभासी प्रतिमा घेता येत नाही. तो धडा डोक्यात बसलेल्या माणसाला 'आभासी वास्तव' हे 'कोरडं पाणी' म्हटल्यासारखं ऐकू येतं. न्यायशास्त्रातला हेत्वाभास घ्या, काव्यशास्त्रातला रसाभास घ्या. सगळीकडे सूर तोच: वाटतं खरं, पण तसं नाही.

व्हर्च्युअलचा सूर याच्या नेमका उलटा आहे. तो लॅटिनमधल्या 'व्हिर्तूस' म्हणजे सामर्थ्य, गुण, या शब्दावरून आला. व्हिर्तूसच्या मुळाशी 'व्हिर' म्हणजे पुरुष आहे, आणि हा 'व्हिर' आपल्या संस्कृत 'वीर'चा सख्खा भाऊ. व्हर्च्युअल म्हणजे रूपाने ती वस्तू नाही, पण परिणामाने तीच. आभासी म्हणजे रूपाने ती वस्तू, पण परिणामाने शून्य. करोनाकाळात 'आभासी वर्ग' म्हणायचो आणि हजेरी मात्र खरी लागायची, तेव्हाच हा घोळ कळायला हवा होता.

तुमची एकट्याची ही अडचण नाही. मूळ जपानी शब्द आहे 'कासो गेन्जित्सु'. गेन्जित्सु म्हणजे वास्तव, आणि 'कासो'मधल्या 'का'चा अर्थ तात्पुरतं, मानून घेतलेलं. जपानी 'काना' लिपीच्या नावात हेच अक्षर आहे, म्हणजे चिनी अक्षरांच्या जागी वापरायची कामचलाऊ अक्षरं. जपानमधल्या व्हर्च्युअल रिॲलिटी सोसायटीचे पहिले अध्यक्ष सुसुमु ताची यांनी 'कासो' हा व्हर्च्युअलचा चुकीचा अनुवाद असल्याचं आग्रहाने मांडलं आहे. त्यांचं कारण वर दिलं तेच: परिणामाने खरं असणं हा मुद्दा अनुवादात गळतो. तरी 'कासो' आपल्या 'आभासी'पेक्षा सौम्य. त्यात फसवणुकीची छटा कमी आहे आणि गणितातल्या 'समजा क्ष'सारखं मानून चालणं जास्त. त्यामुळे मालिकेचा नायक किरितो 'कासो सेकाई' म्हणतो तेव्हा जपानी कानाला खटकत नाही, आणि तेच 'आभासी जग' म्हणून मराठीत आलं की खटकतं.

आता ही मालिकाच पाहा. कथेतला त्याच नावाचा गेम ६ नोव्हेंबर २०२२ रोजी सुरू होतो. दहा हजार लोक नर्व्हगिअर नावाचं शिरस्त्राण घालून आत जातात. संध्याकाळी क्लाइन या खेळाडूला मागवलेल्या पिझ्झाची आठवण होते, तो बाहेर पडायला जातो आणि मेनूत लॉगआउटचं बटणच सापडत नाही. मग गेमचा कर्ता कायाबा सांगतो की इथे प्राण शून्यावर आले, किंवा बाहेर कुणी शिरस्त्राण काढायचा प्रयत्न केला, तर नर्व्हगिअर सूक्ष्मलहरींनी मेंदू जाळेल. तोवर २१३ जण गेलेलेच असतात. या क्षणापर्यंत 'आभासी' चालतं. यानंतर एखाद्या सबटायटलमध्ये 'आभासी मृत्यू' आला, तर प्रेक्षक समजेल की कुणी मेलंच नाही. एका विशेषणाने अख्खी कथा उलटी होते.

म्हणून पर्याय एकच शब्द नसून दोन थर आहेत, असं धरा. तंत्रज्ञानाचं नाव म्हणून बातमीत, परिचयात, भागाच्या सारांशात 'आभासी वास्तव' किंवा सरळ 'व्हीआर' लिहा, हरकत नाही. संवादात मात्र आधी जागा पाहा, मग शब्द. बहुतेक ठिकाणी 'गेममधलं जग', 'हे जग', 'इथं' एवढ्याने भागतं, आणि सबटायटलच्या चाळीसेक अक्षरांच्या ओळीत ते बसतंही. 'इथं' आणि 'तिकडे' हे मराठीचं बळ आहे, ते सोडू नका. अडकलेल्या खेळाडूचं 'इथं' म्हणजे आइनक्रॅड, गेममधला किल्ला, 'तिकडे' म्हणजे घर, आईवडील, शाळा. सुटका झाल्यावर हे दोन शब्द जागा बदलतात. त्यामुळे कोण कुठून बोलतंय ते प्रत्येक दृश्यात तपासा. एका ठिकाणी चुकलं तर पुढची दहा वाक्यं चुकतात.

जपानी गेमर मंडळी गेमबाहेरच्या आयुष्याला नुसतं 'रिआरु' म्हणतात, आणि एकमेकांच्या रिआरुची चौकशी करणं असभ्य मानतात. त्याला मराठीत 'वास्तविक जीवन' लिहिलंत तर शिक्षक बोलतायत असं वाटेल. आपल्याकडे 'खऱ्यात' आहे. 'खऱ्यात तू काय करतोस?' हा प्रश्न पुण्यातला कॉलेजचा पोरगा जसाच्या तसा विचारेल.

लहान मुलांच्या खेळातले शब्द इथे सगळ्यात उपयोगी पडतात, कारण खऱ्याखोट्याच्या सीमेवरची शब्दसंपत्ती मुलांनीच घडवून ठेवली आहे. पहिल्या तासात किरितो आणि क्लाइन रानडुकराशी लढतात ती 'लुटुपुटूची लढाई'. तिथे 'आभासी लढाई' लिहिणं म्हणजे हातातलं सोनं टाकून पितळ उचलणं. 'बोफुरी' या दुसऱ्या गेमवरच्या मालिकेत मेपल ही खेळाडू आपले सगळे गुण एकट्या संरक्षणात ओतते आणि राक्षस तिला चावून दमतात. ती मालिका हरल्यावर पुन्हा उठून खेळायची असल्यामुळे तिथे अख्खा संवाद लुटुपुटूच्या सुरात ठेवता येतो, 'आभासी'ही कुणाला बोचत नाही. याउलट 'लॉग होरायझन' या मालिकेतले खेळाडू मेले तरी पुन्हा जिवंत होतात, पण दर वेळी थोड्या आठवणी गमावून. मुलांच्या भाषेत ते 'कच्चं लिंबू' आहेत, आउट झाले तरी डाव चालू. फक्त इथे लिंबाला किंमत मोजावी लागते.

आता सगळ्यात नाजूक शब्द: 'मेला'. कबड्डीत, हुतुतूत आपला गडी 'मरतो' आणि दुसरा गडी बाद झाला की 'जिवंत होतो'. गेम खेळणारी पोरंसुद्धा 'अरे मी मेलो, तू ये' असं हसत म्हणतात. म्हणजे गेमच्या संदर्भात मराठी 'मेला' आधीच बोथट झालेला आहे. सोर्ड आर्टमध्ये एखादा खेळाडू काचेसारखा फुटून तुकडे हवेत विरतात, तेव्हा 'तो मेला' लिहिलंत तर निम्मे प्रेक्षक तो पुढच्या दृश्यात परत येईल असं धरून चालतील. तिथे 'जीव गेला' लिहा. हा शब्दप्रयोग खेळात कुणी वापरत नाही, म्हणून तो अजून धारदार आहे. राक्षसांसाठी 'मारला', 'पाडला' ठेवा. हा फरक पहिल्या भागापासून पाळला, तर कायाबाच्या घोषणेनंतर 'जीव' हा एकच शब्द काम करून जाईल. खेळाडूची उरलेली ताकद दाखवणाऱ्या पट्टीवरच्या 'एचपी'लाही मग 'प्राण' म्हणता येतं, पण 'एचपी' तसंच ठेवलं तरी कुणाचं अडत नाही.

फुल डाइव्ह. यात शरीर पलंगावर निपचित पडतं आणि मेंदूकडून शरीराकडे जाणारे संदेश शिरस्त्राण मधल्यामध्ये अडवतं. 'पूर्ण निमज्जन' कोशात शोभेल. बोलण्यात 'बुडी' हा शब्द सुरेख बसतो, आणि मराठीत बुडी मारणारा वर येतो पण बुडणारा येत नाही. मालिकेत बुडी मारायला गेलेले दहा हजार लोक बुडाले, हे एका क्रियापदाच्या फरकाने सांगता येतं. तरी यंत्रणेचं नाव म्हणून पहिल्यांदा 'फुल डाइव्ह' येऊ द्या आणि क्रियापद मराठी घ्या.

लॉगआउटला अनुवाद नको, पण त्याच्यापुढचं क्रियापद जपून निवडा. क्लाइनला सुरुवातीला तो बिघाड वाटतो, तेव्हा 'लॉगआउट होत नाहीये'. घोषणेनंतर 'लॉगआउट करू देत नाहीये'. 'होत नाही'मध्ये दोष यंत्राचा, 'करू देत नाही'मध्ये माणसाचा. इंग्रजी सबटायटलवरून काम करत असाल तर हा फरक तिथे दिसेलच असं नाही, तुम्हालाच घालावा लागेल. २००२च्या 'डॉट हॅक साइन'मध्ये त्सुकासा असाच 'द वर्ल्ड' नावाच्या गेममध्ये अडकतो. पण त्याला कोण अडवतंय हे बराच काळ कळत नाही, म्हणून तिथे शेवटपर्यंत 'होत नाही'च ठेवावं.

अवतार, म्हणजे खेळाडूचं गेममधलं रूप, हा तर आपलाच शब्द. अव म्हणजे खाली आणि तॄ म्हणजे पार होणं, त्यावरून देवाचं खाली उतरणं. ऐंशीच्या दशकातल्या संगणक खेळांनी तो उचलला आणि आज तो जपानीत 'आबाता' होऊन फिरतो. परत घेताना मात्र मराठीतल्या त्याच्या दोन जुन्या सवयी लक्षात ठेवा. एक, 'काय हा अवतार!' म्हणजे गबाळा वेश. घोषणेच्या वेळी कायाबा प्रत्येकाच्या हातात आरसा देतो आणि सगळ्यांचे चेहरे खऱ्यातले होतात. देखणे योद्धे गायब आणि चौकात उभी साधीसुधी माणसं. तिथे हा वाक्प्रचार आयता बसतो. दोन, 'अवतार संपला' म्हणजे माणूस गेला. गेममध्ये अवतार संपला की खऱ्यातही अवतार संपला, ही कोटी फक्त मराठीत होते. पण ती एकदाच करा. दर मृत्यूला केलीत तर तमाशातला सोंगाड्या बोलतोय असं वाटेल.

'बीटर' म्हणजे बीटा चाचणीत, गेम सगळ्यांसाठी खुला होण्याआधीच्या चाचणीत, खेळलेला आणि चीटर, यांचा जोडशब्द. तो तसाच ठेवा, पण पहिल्या वेळी दोन्ही तुकडे वाक्यात येऊ द्या, नाहीतर आपल्याकडे अंडं फेटायचं यंत्र डोळ्यापुढे येतं. 'शांग्री-ला फ्रंटियर'मधला 'कुसोगे' म्हणजे 'टुकार गेम', त्यावर जास्त विचार नको.

एक खबरदारी. गेममध्ये अडकलेल्यांच्या मालिकांच्या यादीत 'ओव्हरलॉर्ड' आणि 'लॉग होरायझन' सर्रास घातले जातात, पण ती गेममध्ये बसलेल्या माणसांची कथा उरत नाही. ओव्हरलॉर्डमध्ये मध्यरात्री सर्व्हर बंद व्हायची वेळ टळून जाते आणि खेळाडू दुसऱ्याच जगात असतो, आजवर ठरलेलं तेवढंच करणारे एनपीसी, म्हणजे संगणकाने चालवलेली पात्रं, त्याच्याशी आपणहून बोलू लागतात. लॉग होरायझनमधला 'एल्डर टेल' हा गेम तर मुळात पडद्यावर खेळायचा आहे. हे 'इसेकाई', म्हणजे परकं जग, आणि तिथे 'आभासी' सपशेल चूक. यातला 'सेकाई' हा शब्द बौद्ध ग्रंथांतल्या संस्कृत 'लोकधातु'च्या चिनी अनुवादातून जपानीत गेला. म्हणून 'परलोक' लिहायचा मोह होतो, पण मराठीत परलोकवासी झालेला माणूस परत येत नाही. 'दुसरं जग' बरं. लॉग होरायझनमध्ये एनपीसींना 'दाइचिजिन' म्हणजे भूमीवरची माणसं म्हणतात. त्याला कुणी 'भूमिपुत्र' सुचवेल. महाराष्ट्रात त्या शब्दाला निवडणुकीचा वास आहे, 'इथली माणसं' ठेवा.

तुम्ही कायाबासाठी वेगळा शब्द शोधत असाल, तर त्याच्या तोंडी 'प्रतिसृष्टी' शोभेल. हे जग घडवणं आणि पाहणं हाच आपला हेतू होता, असं तो सांगतो. विश्वामित्रानेही त्रिशंकूसाठी तेच केलं होतं, आणि आइनक्रॅड हा आकाशात तरंगणारा शंभर मजल्यांचा किल्ला आहे. इतर कुणाच्या तोंडी हा शब्द घालू नका, कायाबाची भाषाच तेवढी उंच असते.

शेवटी त्याचं ते गाजलेलं वाक्य, ज्यावर मराठीत सगळे अडखळतात: हा 'गेमु' असला तरी 'आसोबि' नव्हे. आसोबि म्हणजे खेळणं, मजा. दोन्हीकडे 'खेळ' लिहिलं तर वाक्य स्वतःलाच खोडून काढतं, 'पोरखेळ नव्हे' लिहिलं तर रागावल्यासारखं होतं. जपानीने जे केलं तेच करा, परका शब्द एकीकडे आणि घरचा दुसरीकडे: 'हा गेम आहे, खेळ नव्हे.' आणि मुंबईच्या बोलीत एखाद्याचा 'गेम करणं' म्हणजे त्याला ठार मारणं, हे ज्याला माहीत आहे त्याला यात अजून थोडं ऐकू येईल. ते तसंच राहू द्या.