‘इमॅन्सिपेशन’मधला हात

प्रश्न असा आहे: राजकीय तत्त्वज्ञानात ‘सेक्युलरायझेशन’, ‘पोलिटिकल इमॅन्सिपेशन’ आणि ‘ह्यूमन राइट्स’ हे शब्द जोडीने येतात, पहिल्याला ‘निधर्मीकरण’ म्हणावं का?

मुळीच नको. हा शब्द ऐकून कान किटले आहेत. ‘ऐहिकीकरण’ म्हणा. 1803 मध्ये जर्मन प्रदेशांत बिशपांची संस्थानं लौकिक राजांकडे गेली, तेही सेक्युलरायझेशनच. तिथल्या प्रजेने काही धर्म सोडला नव्हता.

खरी मौज दुसऱ्या शब्दात, म्हणजे ‘इमॅन्सिपेशन’मध्ये (बंधनातून सोडवणं) आहे. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात, ‘कापेरे’ म्हणजे धरणं. रोममध्ये गुलाम विकत घेताना पाच साक्षीदार आणि एक तराजूवाला यांच्यासमोर त्याला हाताने धरून ‘हा माझा’ असं म्हणावं लागे. मुलगाही बापाच्या अशाच ताब्यात. इ.स.पू. 450 च्या सुमाराच्या बारा कोष्टकांच्या कायद्यात एक कलम होतं: बापाने मुलाला तीनदा विकलं, तर मुलगा बापापासून मोकळा. कायदेपंडितांनी त्यातून पळवाट काढली. विश्वासातला माणूस मुलाला ‘विकत’ घेई, सोडून देई, मुलगा परत बापाकडे येई. तिसऱ्या विक्रीनंतर बापाची सत्ता संपे. मुलीला एकच विक्री पुरे! हे मूळचं इमॅन्सिपेशन.

म्हणून ‘राजकीय मुक्ती’ लिहिणाऱ्या परिभाषाकारांशी माझं भांडण आहे. मुक्तीत सोडणारा दिसत नाही. ‘विमोचन’ घ्या, ‘संकटमोचन’ म्हटलं की सोडवणारा समोर उभा राहतो. 1791 मध्ये फ्रेंच सभेने ज्यूंना नागरिकत्व दिलं, 1829 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कॅथलिकांना सभागृहाचं दार उघडलं. दोन्हीकडे देणारा हात आहेच. ज्यू प्रश्नावरच्या 1844 च्या लेखात मार्क्सने बजावलं की राज्य धर्मातून सुटलं म्हणून माणूस सुटत नाही, आणि दाखला उत्तर अमेरिकेचा दिला: राज्य धर्मापासून अलग, लोक मात्र पक्के धार्मिक. ‘निधर्मीकरण’वाल्यांनी तो लेख वाचावा.

आणि मानवी हक्कांना ‘अविच्छेद्य’ का म्हणता? 1789 च्या फ्रेंच जाहीरनाम्यातलं मूळ विशेषण, ‘इनॅलिएनेबल’, मालमत्तेच्या व्यवहारातलं आहे. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: ‘अहस्तांतरणीय’. पुन्हा हात! रोमन बाप मुलाला एका हातातून दुसऱ्या हातात देत होता. हे हक्क तसे देताच येत नाहीत. ‘अविच्छेद्य’मध्ये तोडता न येणं आहे, विकता न येणं नाही.