कॅम्पची सुरी: आधी कांदा, मग खुंटी

प्रश्न: सह्याद्रीत मुक्कामी ट्रेकला स्वयंपाक आम्हीच करतो. न मिटणारी एकच सुरी घ्यायची आहे, तिनेच भाजी चिरायची आणि तंबूच्या खुंट्याही तासायच्या. ऑनलाइन दिसतात त्या बहुतेक ५ मिलिमीटर जाड आणि पाठीला करवतीचे दाते असलेल्या. मापं कुठली बघावीत?

उत्तर: ५ मिलिमीटर दिसलं की पुढे जा. एका मुक्कामात सुरीखालून काय काय जातं ते आठवा: खिचडीचे कांदे-बटाटे, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, खोबऱ्याची कातळी. लाकडाचं काम म्हणजे चार-सहा खुंट्यांना टोक काढणं आणि चूल पेटवायला ढलप्या सोलणं. म्हणजे सुरी मुळात भाजीची, लाकूड हे तिचं जोडकाम. जाड पात्याने लाकूड फोडता येतं हे खरं, पण फोडायला कोयता असतो. सुरीला तासता आलं की पुरे.

पातं १० ते १२ सेंटिमीटर लांब असावं. त्याहून आखूड पात्याने मोठा कांदा एका ओढीत कापला जात नाही, आणि १३च्या पुढे गेलं की तासताना टोकावरचा ताबा सुटतो. पाठीशी जाडी २ ते ३ मिलिमीटर, रुंदी २२ ते २८ मिलिमीटर, म्यान सोडून वजन दीडशे ग्रॅमच्या आत.

काही गोष्टी आकड्यांत येत नाहीत, फोटो मोठा करून बघाव्या लागतात. मुठीलगतची ३-४ सेंटिमीटर धार सरळ आणि सलग हवी, कारण लाकडावर जोर तिथेच लागतो. काही सुऱ्यांना नेमके तिथेच दाते पाडलेले असतात. त्या लाकडाला निरुपयोगी आणि घरी धार लावायला कटकटीच्या. मूठ संपते तिथून धार सुरू होईपर्यंत सेंटिमीटरभराहून जास्त जागा रिकामी असेल तर तेवढा जोर वाया जातो. बोट धारेवर घसरू नये म्हणून मुठीच्या पुढच्या टोकाला लहानसा उंचवटा हवाच, पण खंजिराला असतो तसा दोन्हीकडे बाहेर आलेला आडवा दांडा नको. तो पाटावर आपटतो आणि धार भाजीपर्यंत पोचतच नाही.

पाठीवरचे दाते निव्वळ शोभेचे. खऱ्या करवतीचे दाते आलटून-पालटून दोन्हीकडे वाकवलेले असतात, म्हणून खाच पात्यापेक्षा रुंद पडते. सुरीवरचे दाते सरळच असतात, त्यामुळे पातं थोडं खाली गेलं की अडकतं. शिवाय तासताना पाठीवर अंगठा टेकवायची जागा जाते ती वेगळीच.

एक तडजोड मात्र पत्करावी लागते. अशा अरुंद पात्याची धार आणि मूठ जवळजवळ एकाच रेषेत येतात, त्यामुळे चिरताना बोटांची पेरं पाटावर आपटतात. पाटाच्या कडेशी चिरा आणि मूठ कडेबाहेर राहू द्या.

प्रश्न: स्कँडी ग्राइंडची सुरी घेतली. लाकडावर झकास चालते, पण गाजर कापलं जाण्याऐवजी तडकतं. धार कमी पडते का?

उत्तर: दोष धारेचा नाही, उताराचा आहे. स्कँडी म्हणजे पातं बरंचसं एकाच जाडीचं आणि अगदी खाली दोन्ही बाजूंनी एकेक रुंद उतार. स्वीडनमधल्या ‘मोरा’ या गावच्या सुऱ्यांमुळे ही धाटणी जगभर माहीत झाली. लाकडाला ती फार सोयीची, कारण तो उतार लाकडावर टेकवला की कोन आपोआप कायम राहतो.

आता हिशेब बघा. पातं २.५ मिलिमीटर जाड आणि दोन्ही उतारांमधला कोन २३ अंश धरला, तर पातं ६ मिलिमीटर आत जाताच पूर्ण जाडी गाजरात शिरलेली असते. गाजराचा जाड तुकडा बाजूला वाकत नाही, मग तो धारेच्या पुढेच तडकत जातो. याउलट फुल फ्लॅट ग्राइंडमध्ये पातं पाठीपासून धारेपर्यंत निमुळतं होत येतं. पाठीशी तेच २.५ मिलिमीटर, रुंदी २५ आणि धारेच्या लगेच मागे ०.४ मिलिमीटर असेल, तर ६ मिलिमीटर आत गेल्यावरही जाडी एका मिलिमीटरपर्यंत पोचलेली नसते.

दोन्ही कामांसाठी एकच सुरी असेल तर आमचं मत फुल फ्लॅटच्या बाजूने, धारेला दर बाजूने १८ ते २० अंश. हॉलो ग्राइंड, म्हणजे आत खोलगट घासलेलं पातं, भाजीला छान. पण लाकडाच्या गाठीवर त्याच्या धारेचे टवके उडतात. तुमची सुरी बदलायची गरज नाही. गाजर-बटाटा आधी उभा अर्धा करा, सपाट बाजू खाली ठेवा आणि पातळ काप काढा. पातळ काप वाकतो, म्हणून तडकत नाही.

प्रश्न: कोकणात पावसाळ्यातही कॅम्प करतो. कार्बन स्टील घ्यावं की स्टेनलेस?

उत्तर: स्टेनलेस. कार्बन स्टीलचं कौतुक खूप होतं आणि त्यात तथ्यही आहे: १०९५सारखं पोलाद स्वस्त असतं आणि दगडावर पटकन धार घेतं. पण लिंबू, कैरी, कोकम, चिंच लागली की काही मिनिटांत काळं पडतं आणि सुरुवातीला कांद्याला लोखंडाचा वास लावतं. तो काळेपणा म्हणजे गंज नव्हे, उलट तो गंजापासून थोडा आडोसाच करतो. तांबूस, बोटाला लागणारा तो गंज. खाऱ्या दमट हवेत ओली सुरी म्यानात घातली तर एका रात्रीत तो दिसतो.

स्टेनलेसमध्ये १२सी२७ किंवा १४सी२८एन ही नावं बघा. १२सी२७मध्ये कार्बन सुमारे ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास असतं. कडकपणा ५७ ते ५९ एचआरसी (रॉकवेल मापाने) लिहिलेला असेल तर उत्तम: धार टिकते आणि साध्या दगडावर परतही येते. कमी पैशांत ८सीआर१३एमओव्ही चालेल. डी२ या पोलादाला बरेच जण स्टेनलेस समजतात. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांजवळ असतं खरं, पण कार्बन दीड टक्का असल्यामुळे त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी बांधलेल्या कणांत, अडकून पडतं आणि गंज रोखायला उरत नाही. म्हणून त्यावर ठिपके पडतात, आणि कॅम्पवर धार लावायलाही ते चिवट. नुसतं ‘हाय कार्बन स्टेनलेस’ लिहिलंय आणि पोलादाचं नाव नाही, तर पैसे जपून ठेवा.

कार्बन स्टील आधीच घरात असेल तर प्रत्येक चिरण्यानंतर पुसा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा. जवसाचं तेल नको, ते वाळून चिकट पापुद्रा धरतं.

प्रश्न: गावातला लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून सुरी करून देतो म्हणाला. करून घ्यावी का?

उत्तर: जरूर, पण कोयत्याची सवय असलेला हात सुरीही कोयत्याएवढी जाड ठेवतो, म्हणून मापं कागदावर काढून द्या: पाठीशी ३ मिलिमीटर, पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून बुडवून कडक करण्याआधी, धारेशी १ मिलिमीटर. त्याहून पातळ धार तापवताना वाकते किंवा तडकते. उरलेलं नंतर थंड ठेवत घासायचं. पाट्याचं पोलाद बहुधा ०.५ ते ०.६ टक्के कार्बनचं असतं, सुरीला पुरेसं. मात्र जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, म्हणून वापरलेल्या पाट्याऐवजी नव्याचा कापलेला तुकडा मिळाला तर बघा.

पाणी ‘पाण्यात’ देऊ नका. या जातीचं पोलाद पाण्यात बुडवलं की तडा जाण्याचा धोका मोठा. लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवायचं, त्याहून किंचित उजळ लाल करायचं आणि ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या तेलात बुडवायचं. थंड झाल्यावर धारेवर कानस फिरवून बघा: ती चावली तर पाणी लागलेलं नाही, नुसती घसरली तर लागलं. या अवस्थेत पातं ठिसूळ असतं, पडलं तर मोडेल. म्हणून त्याच दिवशी घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा, थंड होऊ द्या, पुन्हा तासभर ठेवा. ही शेवटची पायरीच बऱ्याचदा गाळली जाते आणि मग धारेचे तुकडे पडतात.

मुठीत जाणारी पट्टी, म्हणजे टँग, मुठीच्या टोकापर्यंत अखंड ठेवायला सांगा. पात्याला मागून तुकडा वेल्ड करून जोडला तर सुरी नेमकी त्या सांध्यात मोडते. पातं आणि टँग मिळतात तो आतला कोपरा काटकोनात नको, गोलसर हवा. काटकोनी कोपऱ्यातून भेग सुरू होते.

प्रश्न: खुंटी नीट कशी करायची? आणि सुरीच्या पाठीवर दांडकं मारून लाकूड फोडलं तर चालतं का?

उत्तर: अंगठ्याहून थोडं जाड, सरळ, वाळलेलं लाकूड २० ते २५ सेंटिमीटर घ्या. टोक चार बाजूंनी तासा, पण सुईसारखं करू नका, ३-४ मिलिमीटर बोथट सोडा; नाहीतर पहिल्या दगडावरच चुरा होतो. वरच्या टोकाची कड सगळीकडून उतरवा, म्हणजे ठोकताना खुंटी उभी चिरत नाही. मग वरून ४ सेंटिमीटरवर ३ ते ५ मिलिमीटर खोल आडवा काप घ्या आणि खालच्या बाजूने त्या कापापर्यंत तिरकं तासत या. दोरी त्या आडव्या पायरीखाली अडकते आणि ताणली तरी वर निसटत नाही. काप वरच्या बाजूने तिरका घेतला तर दोरी सरळ बाहेर येते. ही चूक फार दिसते.

तासताना खुंटीचं खालचं टोक ओंडक्यावर टेकवा आणि सुरी शरीरापासून दूर ढकला. दोन मांड्यांच्या मधल्या जागेत कधीच तासू नका. मांडीच्या आत मोठी धमनी असते आणि तिथली जखम कॅम्पवर आवरत नाही. हात लांब करून फिरवला तर जेवढं वर्तुळ होईल, त्याच्या आत दुसरं कुणी नको.

दांडकं मारून फोडणं टँग शेवटपर्यंत असेल तरच, आणि तेही गाठ नसलेल्या बारीक लाकडावर. पात्याचं टोक लाकडाबाहेर ४-५ सेंटिमीटर राहिलं पाहिजे, कारण पातं आत गेल्यावर मार त्या टोकावर बसतो. म्हणजे ११ सेंटिमीटरच्या पात्याने ६ सेंटिमीटर व्यासापर्यंतच. बांबू सहज फाटतो, पण त्यातल्या सिलिकामुळे धार लवकर बोथट होते आणि फाटलेल्या कडेने हात कापतो. बांबू फोडल्यावर लगेच टोमॅटो चिरायला घेतलात तर फरक कळेल.

प्रश्न: धारवाल्याकडून मशीनवर धार लावून घेतली, आता दोन दिवसही टिकत नाही.

उत्तर: धारेजवळ निळसर पट्टा दिसतोय का? कोरड्या चाकावर साधं पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की निळं होतं आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. निळा भाग संपेपर्यंत घासून काढणं एवढाच उपाय आहे.

घरी १००० नंबरचा दगड पुरतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या काळ्या दुहेरी दगडाची बारीक बाजूही सुरीला भरड पडते, तो टवके काढायलाच ठेवा. २५ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून साडेआठ मिलिमीटर उचलली की २० अंश होतात. कार्डबोर्डची तेवढी घडी करून एकदा डोळ्याला सवय लावा. एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला धारेच्या संपूर्ण लांबीभर बारीक खरखरीत कड बोटाला जाणवली की मगच बाजू बदला. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली नाही तर धार आलेली नाही, मग पुढचे सगळे हात फुकट. शेवटी दाब अगदी हलका करत एकेक हात आलटून-पालटून द्या आणि जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून दहा-बारा वेळा ओढा. कॅम्पवर दगड नसेल तर सपाट फरशीवर १००० नंबरचा वॉटर पेपर चालतो, पण त्यावरही सुरी मागेच ओढायची. पुढे ढकलली की कागद फाटतो.

प्रश्न: चामड्याचं म्यान की प्लास्टिकचं?

उत्तर: आपल्या पावसात प्लास्टिकचं, खाली पाणी निथळायला भोक असलेलं. मासे किंवा चिकन कापलेली सुरी न धुता म्यानात गेली तर पुढच्या वेळी कोथिंबिरीला तेच लागतं, आणि चामड्याचं म्यान आतून धुता येत नाही.

प्रश्न: अशी सुरी जवळ बाळगणं कायद्यात बसतं का? इंग्लंडला असताना नेता येईल का?

उत्तर: शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली वगळून. १२ सेंटिमीटरची सुरी त्या मापाच्या बरीच आत आहे. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली मनाईहुकूम लागू असेल तर त्यात सुऱ्याही येतात. म्हणून एसटी-लोकलमध्ये ती कमरेला नको, सॅकच्या तळाशी भांड्यांबरोबर ठेवा. विमानात फक्त चेक-इन सामानात.

ट्रेकर्सच्या हातून खरी चूक होते ती अभयारण्यात. हरिश्चंद्रगड आणि रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, वासोटा कोयनेच्या. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२च्या व्याख्येत ‘शस्त्र’ या शब्दात सुरीही आहे, आणि कलम ३१नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. कलम ३० आग लावण्याबद्दल आहे, आणि वनोपज उचलायलाही बंदी असल्यामुळे तिथे खुंट्या तोडायचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा गडांवर जाताना सुरीचं आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा, भाजी घरून चिरून न्या आणि खुंट्या ॲल्युमिनियमच्या घ्या.

इंग्लंडमध्ये न मिटणारी सुरी सार्वजनिक जागी बाळगायला सबळ कारण द्यावं लागतं. कॅम्पला जाता-येता ते देता येतं. परत आल्यावर गाडीच्या कप्प्यात आठवडाभर पडून राहिलेल्या सुरीसाठी देता येणं कठीण. जर्मनीत १२ सेंटिमीटरहून लांब स्थिर पात्याला असाच नियम आहे, तेव्हा तिकडे नेणार असाल तर ११चं पातं घ्या.