बेळगावात धावायला मेरिनो लोकरीची टोपी घ्यावी की उन्हाची?

एकच घ्यायची असेल तर उन्हाची, काठाची टोपी घ्या. मेरिनो, म्हणजे त्या नावाच्या मेंढीची मऊ लोकर, इथं डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेपुरतीच लागते. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत धावताना त्या दिवसांत कान गारठतात, पण पंधरा मिनिटांत अंग तापतं आणि टोपी खिशात जाते, म्हणून ती पातळच हवी. लोकर टोचेल ही भीती नको. आपल्या घोंगडीची दख्खनी लोकर जाड असते म्हणून टोचते. मेरिनोचा तंतू साधारण 17 ते 20 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, कपाळाला सहसा खाजत नाही. शिवाय ती वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही ओली वाटत नाही आणि घामाचा वास लवकर धरत नाही. फेब्रुवारी ते मे मात्र आठनंतर ऊन चटका देतं, तेव्हा मान झाकणारा काठ आणि यूपीएफ 50 बघा. म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. राजहंसगडाच्या चढावर वारा रुंद काठ उलटवतो, हनुवटीखाली दोरी असलेलीच घ्या. पावसाळ्यात मेरिनो घालू नका: एकदा चिंब भिजली की पॉलिस्टरपेक्षा वाळायला फार वेळ घेते.