मरणाऱ्या आजीला दिलेलं वचन

"चर्चासत्रात माझा मुद्दा सगळ्यांसमोर कोसळला. आता तिथे कोणत्या तोंडानं जाऊ?" संशोधन करणारी मुलं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वरचेवर येतात. तत्त्वज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून.

चर्चासत्रात तिनं मांडलेलं प्रबंधाचं प्रकरण वचनावर होतं. वचन का पाळायचं? समोरचा त्यावर विसंबून असतो म्हणून, असं तिचं म्हणणं. एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या एका मुलानं विचारलं, "मरणाऱ्या आजीला एकांतात दिलेलं वचन? आजी गेली, दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नाही. मग विसंबून कोण आहे? तरी ते मोडवत नाही, ते का?" तिला उत्तर सुचलं नाही. पुढचे तीन आठवडे ती विभागाकडे फिरकली नाही.

"मॅडम, माझं सगळंच चुकलंय. मला तत्त्वज्ञान जमणारच नाही."

याला ती नम्रपणा समजत होती. मला ते पटलं नाही. आधी तिनं स्वतःचा सिद्धान्त न तपासता धरून ठेवला होता, आता न तपासताच टाकून देत होती.

मी तिला प्रकरणाची प्रत आणायला लावली. "जिथे 'साहजिकच', 'उघड आहे', 'निःसंशय' असं लिहिलंयस, तिथे खूण कर." पेन्सिल घेऊन ती माझ्यासमोरच बसली. अकरा खुणा झाल्या. सातवी या वाक्यावर होती: 'साहजिकच, वचनाचं बंधन केवळ विश्वासातूनच येतं.' तिथे ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "इथे मी कारण दिलेलंच नाही."

न्यायदर्शनातला, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेतला, चर्चेच्या तीन प्रकारांचा भेद तिला तोंडपाठ होता: वाद सत्य कळावं म्हणून, जल्प जिंकण्यासाठी, वितंडेत स्वतःची बाजू न मांडता नुसतं खंडन. पण पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मन लावून लिहिण्याचा सराव तिच्याकडून कुणी करून घेतला नव्हता, याची मला फार खंत वाटते. मी म्हटलं, त्या मुलाची शंका अशी लिही, की वाचून तो म्हणेल, 'मला हेच म्हणायचं होतं.' पहिल्या खर्ड्यात तिनं लिहिलं होतं, 'हा आक्षेप भावनिक आहे.' ते तिनं स्वतःच खोडलं.

त्या दिवशी मी तिला जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेची आठवण करून दिली. 1902च्या जूनमध्ये, अंकगणित तर्कशास्त्रावर उभं करू पाहणाऱ्या त्याच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापला जात असताना, तरुण ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलचं त्यातली विसंगती दाखवणारं पत्र आलं आणि पायाच डळमळला. फ्रेगेनं काही दिवसांतच उत्तर पाठवून दोष मान्य केला आणि 1903च्या त्या खंडाला परिशिष्ट जोडून तो वाचकांपुढे ठेवला. त्यात सुचवलेली दुरुस्तीही पुढे अपुरी ठरली.

तिचा सिद्धान्त आता आटोपशीर झालाय: विसंबून राहणं हे बंधनाचं एक कारण, एकमेव नव्हे. नवी पानं घेऊन ती त्याच मुलाकडे गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. त्यानं दुसऱ्या पानावर आणखी एक फट दाखवली होती, आणि त्या फटीबद्दल ती माझ्याशी अर्धा तास बोलत होती.