प्रभुभोजनाला मागे राहू नकोस

घरी जावेशी भांडण झालं, प्रार्थना चुकली, म्हणून या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घेतली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, घेणार नाहीस म्हणालीस. अगं, मग चांगल्या वागलेल्या आठवड्यात ते आपण स्वतःच्या लायकीवर घेतो का? बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या दाखल्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, आठवड्यातून दोनदा उपास करायचा, दशमांश द्यायचा आणि हे सगळं देवाला ऐकवायचा. जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत तो कर वसूल करणारा, दूरच उभा राहिला. वर बघायचंही धाडस नाही, ऊर बडवत एवढंच म्हणाला, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' नीतिमान ठरून घरी गेला तो हाच! बायबलमधलं इफिसकरांस पत्र 2:8-9 आज सावकाश वाच: तारण कृपेने मिळतं, आपल्या कर्मांनी नाही. भांडण मिटवायचंच आहे. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौलही प्रभुभोजनाआधी आत्मपरीक्षा करायला सांगतो, पण मागे फिरायला सांगत नाही. जावेशी आजच बोल आणि रविवारी नक्की ये.